टोमण्याला चारचाच फासा

निजामपुऱ्यातून कोणी कॅनडाला गेलं तर त्याची बातमी होत नाही. गेलं नाही तर होते. फत्तेगंजापासून छाणी जकातनाक्यापर्यंत नुसतं चालत गेलं, तरी वाटेतल्या आयईएल्टीएस क्लासच्या पाट्या वाचून माणसाचं इंग्रजी सुधारतं. तेव्हा भाचीच्या कंपूतला एक मुलगा टोरांटोला गेला, याचं मला काही वाटायचं कारण नव्हतं. पण भाची ताटावर सुतकी चेहरा करून बसली होती.

"मामा, आमचा बार्ड गेला."

तिचा स्वर असा होता की बायको हात पुसत स्वयंपाकघरातून बाहेर आली. "अगं बाई! कशानं? वय काय होतं?"

"तिसरी लेव्हल," भाची म्हणाली.

मग उलगडा झाला. भाची आमच्याकडे राहून एम. एस. युनिव्हर्सिटीत शिकते आणि रविवारी दुपारी आमच्या दिवाणखान्यात तिची मित्रमंडळी 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' नावाचा खेळ मांडतात. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोन अमेरिकन गृहस्थांनी १९७४ साली हा उद्योग काढला. यात एक जण डंजन मास्टर, म्हणजे डीएम. तो गोष्ट सांगतो. बाकीचे त्या गोष्टीतली पात्रं होतात आणि आपण काय करतो ते तोंडी जाहीर करतात. जमलं की फसलं, ते वीस तोंडांचा फासा ठरवतो. मी येता-जाता दारातून बघत असे. कोणी म्हणे "मी दरवाजा फोडतो", कोणी म्हणे "मी दरीतून उडी मारतो", आणि जागचं कोणीही हलत नसे. सगळं आयुष्य सरकारी कचेरीत काढलेलं असल्यामुळे मला त्यात नवीन काही दिसलं नाही.

"बार्ड करतो काय पण?" मी विचारलं.

"गातो, वाजवतो, गोष्टी सांगतो. थोडी जादू, थोडी तलवार. आणि सगळ्यांना चढवतो."

"म्हणजे शाहीर!"

"तेच. तू येतोस का त्याच्या जागी? तू सारखा बोलत असतोस."

माझ्या बोलण्याची या घरात गुण म्हणून नोंद होण्याची ही पहिलीच वेळ. मी लगेच हो म्हणालो.

रविवारी मंडळी जमली. डीएम हा आर्किटेक्चरचा विद्यार्थी, सौम्य, चष्मेवाला. कोणाचाही जीव घेताना आधी 'सॉरी' म्हणणारा. एक कॉमर्सची मुलगी रोग होती, म्हणजे कुलपं उघडून पळणारी. भाची स्वतः विझर्ड, म्हणजे जादूगार. आणि एक मुलगा बार्बेरियन. हातात भला मोठा परशू घेऊन रक्ताचे पाट वाहवणं हे त्याचं काम. प्रत्यक्षात तो कांदा-लसूण-बटाटा न खाणारा, चातुर्मासात दिवस मावळायच्या आत जेवणारा जैन मुलगा. साडेपाचला आईचा फोन आला की तो शत्रूच्या छातीत रुतलेला परशू तसाच ठेवून बाल्कनीत जाई आणि "हा मम्मी, दूध लेतो आवीश" म्हणून परत येई.

नवी कथा, नवी पात्रं, सगळे पहिल्या लेव्हलला. माझ्यापुढे कॅरेक्टर शीट आलं. त्यावर सहा गुण: ताकद, चपळाई, काटकपणा, बुद्धी, शहाणपण आणि करिझ्मा. वाटून द्यायला सहा आकडे: १५, १४, १३, १२, १०, ८. मी काही विचार न करता १५ बुद्धीपुढे लिहिला.

"मामा, बार्डला बुद्धी लागत नाही."

"शहाणपण?"

"तेही फारसं नाही. पंधरा करिझ्माला दे आणि आठ बुद्धीला."

मराठी मध्यमवर्गीय घरात वाढलेल्या माणसाला स्वतःच्या हातानं बुद्धीपुढे आठ लिहायला सांगणं हा क्रूरपणा आहे. पेन टेकवलं तेव्हा भिंतीवरच्या तसबिरीतून वडील रोखून बघत होते. त्यांनी माझी सगळी प्रगतिपुस्तकं याच नजरेनं पाहिली होती. या आकड्यानं त्यांना धक्का बसला असता असं मात्र नाही.

करिझ्मा म्हणजे लोकांनी आपलं ऐकावं असा जो काही प्रभाव असतो तो. भाचीनं मला हाफ-एल्फ, म्हणजे अर्धा माणूस नि अर्धा परीलोकातला, केलं, त्यामुळे त्यात आणखी दोन मिळाले. सतरा! सतरा म्हणजे दरबारात शिरलो की चोपदार बाजूला व्हावेत. मी त्या भरात, "पंखा जरा वाढवा रे कोणीतरी," असं म्हणालो. कोणी उठलं नाही. मीच उठलो.

एक सांगतो, या खेळानंही बार्डवर सुरुवातीला घरच्यांसारखाच अविश्वास दाखवला. १९७६ साली एका मासिकातून तो पहिल्यांदा आला. १९७८ च्या नियमपुस्तकात त्याला परिशिष्टात बसवला आणि वर अट घातली: आधी लढवय्या व्हा, मग चोर व्हा, मग ड्रुइड नावाच्या साधुमंडळींकडे शिका, तेव्हा कुठे बार्ड. मला हे वाचून एकदम माहेरी आल्यासारखं झालं. आमच्या आळीतही 'आधी डिग्री घे, मग नोकरीत कायम हो, मग काय ते गाणंबिणं कर' असाच क्रम होता. मधली चोरी फक्त ऐच्छिक होती. आम्ही खेळत होतो त्या, २०१४ साली आलेल्या पाचव्या आवृत्तीत पहिल्या दिवसापासून बार्ड होता येतं. आताच्या पिढीला सगळंच आयतं.

नाव मी 'फंदी' घेतलं. संगमनेरच्या अनंत फंदीवरून. लावण्या-पोवाड्यांनी गाजलेल्या या शाहिराला अहिल्याबाई होळकरांनी फैलावर घेतलं आणि त्यानं डफ फोडून कीर्तनाची वाट धरली, अशी कथा सांगतात. डीएमला ती इतकी आवडली की त्यानं ती जशीच्या तशी माझ्या पात्राच्या पूर्वायुष्यात लिहून टाकली.

"पण मग डफ फुटलेला असेल," भाचीनं व्यावहारिक मुद्दा काढला. "वाजवणार काय?"

बार्डला तीन वाद्यं येतात असा नियम आहे. यादीतल्या ड्रमच्या जागी मी नवा डफ घेतला, शॉम नावाचं एक पिपाणीवजा वाद्य होतं त्याच्या जागी सनई, आणि ल्यूटच्या जागी तुणतुणं. इथं बार्बेरियनचा गुजराती बाणा जागा झाला. त्याचं म्हणणं, बार्ड बडोद्याचा आहे तर त्याच्याकडे माण पाहिजे. सतराव्या शतकात याच बडोद्यात प्रेमानंद होऊन गेला. तांब्याच्या घटावर अंगठ्या घातलेल्या बोटांनी ताल धरून आख्यानं सांगणारा माणभट्ट. नळाची गोष्ट सांगायला लागला की गावंच्या गावं लोटत. यावर रोगनं नियमपुस्तक चाळलं आणि 'माटलुं' त्यात नसल्याचं सांगितलं. "माटलुं नथी, तांबानुं छे," असं म्हणून बार्बेरियन पहिल्यांदाच थोडा रागावला. डीएमनं सुवर्णमध्य काढला: तिन्ही वाद्यं राहू द्यात, वर माण सामान म्हणून पाठीवर. सामानात आधीच पाच मेणबत्त्या, दोन पोशाख, वेषांतराची पेटी, पाण्याची पिशवी, अंथरूण आणि पाच दिवसांची शिदोरी होती. हे नियमातलंच आहे, मी वाढवलेलं नाही. एवढं सगळं लादून माझा फंदी निघाला, तेव्हा त्याच्याकडे पाहून तो राक्षस मारायला चाललाय की हंगामी नाटक कंपनीबरोबर खानदेशाच्या दौऱ्यावर, हे कोणालाही सांगता आलं नसतं.

मुलांना वाटतं बार्ड ही कल्पना अमेरिकेतून आली. मी त्यांना सांगितलं की बडोद्यात बार्ड ही सरकारी पोस्ट होती. राजवाड्याच्या गवई-बजवय्यांसाठी 'कलावंत कारखाना' नावाचं खातंच होतं आणि सयाजीरावांच्या काळात त्याचे नियम मराठीत छापलेले होते. आफताब-ए-मौसिकी फैयाज खाँसाहेब इथले दरबारगायक. तिसऱ्या लेव्हलला बार्डला 'कॉलेज' निवडावं लागतं, कॉलेज ऑफ लोर किंवा कॉलेज ऑफ व्हॅलर, असं कळल्यावर मी विचारलं की ॲडमिशन गावातच मिळेल का. मौलाबक्षांनी १८८६ साली काढलेली गायनशाळा आहेच की, आता तिची फॅकल्टी ऑफ परफॉर्मिंग आर्ट्स झालीय.

"अंकल," रोग म्हणाली, "हाफ-एल्फने डोमिसाइल नहीं मळे."

या खेळात बार्डची एक बदनामीही आहे. राजकन्या दिसो, सराईवाली दिसो, फार काय ड्रॅगन दिसो, बार्ड आधी गोड बोलून बघतो. भाचीसमोर असले चाळे मी करणार नाही, असं मी पहिल्याच दिवशी बजावलं. पण इतिहासाला कोण अडवणार? एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तरुण अब्दुल करीम खाँ याच बडोद्याच्या दरबारात गायला आले. माने सरदारांच्या घरची ताराबाई त्यांच्याकडे गाणं शिकू लागली आणि एके दिवशी दोघांनी गाव सोडलं. त्यांची मुलगी पुढे हिराबाई बडोदेकर म्हणून देशभर गाजली. ज्या गावाला आईबापांनी पाठ दाखवली, त्याचंच नाव मैफलीमैफलीतून मिरवलं. हे ऐकून खोलीत शांतता पसरली. डीएमनं चष्मा पुसला.

"अंकल," तो म्हणाला, "आ तो वीसमी लेव्हलनो बार्ड छे."

आता पहिल्या लढाईकडे येतो. एका घळीत गॉब्लिन नावाचे बुटके राक्षस दबा धरून बसले होते. माझी पाळी आली. भाचीनं शीटवर बोट ठेवलं: 'व्हिशस मॉकरी'. शत्रूला लागेल असं काहीतरी बोलायचं, की त्याला खरोखरची इजा होते. तलवार नको, तीर नको. आणि ही जादू दिवसातून हवी तितक्यांदा करता येते.

मी तो मजकूर पुन्हा वाचून घेतला. ज्याला ही पोरं जादू म्हणत होती, त्याला आमच्याकडे बोलणं म्हणतात. पुढं आणखी एक वाक्य होतं: शत्रूला आपला आवाज ऐकू आला पाहिजे, भाषा कळलीच पाहिजे असं नाही. म्हणजे मराठी चालणार होती!

मी समोरच्या गॉब्लिनकडे पाहिलं. "वा! भाला नवीन दिसतोय. कोणाचा?"

डीएमनं त्याच्या वतीनं फासा टाकला. गॉब्लिनला लागलं. मी चार तोंडांचा फासा घेऊन टाकला. एक.

"एक?"

"एक पॉइंट डॅमेज, अंकल. एनी पासे सात छे."

मी हरकत घेतली. १९८३ साली दांडियाबाजारातल्या एका लग्नात माझ्या आत्यानं श्रीखंडाचा पहिला घास घेतला आणि शांतपणे, "साखर महागलीय का हो सध्या?" एवढंच विचारलं. दोन घराण्यांचं येणंजाणं तेव्हापासून बंद आहे. माणसं गेली, वाडे पडले, त्या वाड्यांच्या जागी फ्लॅट झाले, पण अबोला शाबूत आहे. असल्या अस्त्राला चारचा फासा? हा नियम करणाऱ्यांपैकी एकाही माणसानं मराठी पंगतीत पान मांडलेलं नाही, हे उघड आहे. पुढे २०२४ च्या सुधारित नियमांत याचा फासा सहाचा केला. दरम्यान खेळ काढणाऱ्या कंपनीतल्या कोणाचीतरी सोयरीक पुण्यात झाली असावी.

पण दुसरा अर्धा नियम मात्र अनुभवी माणसानं लिहिलाय. टोमणा बसलेल्याचा पुढचा वार बिघडतो; त्याला फासा दोनदा टाकून त्यातला वाईट धरावा लागतो. हे खरं आहे. मी सुटलो. "तुमच्याकडे असंच धरतात का धनुष्य?" "नाही नाही, ये ना पुढे, घाई कोणाला आहे." "मोठा भाऊ काय करतो हो तुमचा?" तीर भलतीकडे जाऊ लागले. एकानं स्वतःच्याच सरदाराला मारला. शेवटचा एक गॉब्लिन जखमी होऊन दगडाआड लपला होता, त्याला मी अगदी मायेनं म्हणालो, "असू दे. प्रत्येकालाच जमतं असं नाही."

तो तिथेच गेला.

बार्बेरियननं टाळ्या वाजवल्या. मला वाटलं, विषय संपला. बार्ड म्हणून आपण जन्मलोच होतो, शीट उशिरा मिळालं. भाचीच्या तोंडावर मात्र समाधान नव्हतं.

"मामा, बार्डचं खरं काम हे नाही. आपल्या माणसांना इन्स्पिरेशन द्यायचं."

ते असं. आपल्या बाजूच्या एखाद्याला उत्तेजन येईल असं काही बोलायचं आणि आपला सहाचा फासा त्याच्या हातात द्यायचा. पुढल्या दहा मिनिटांत तो त्याला अडीअडचणीला वापरता येतो. हा स्वतःला देता येत नाही. करिझ्म्यावरून मॉडिफायर नावाचा एक छोटा आकडा निघतो; तो जेवढा, तेवढ्यांदाच. माझ्या बाबतीत तीन. मग रात्रभर झोपल्याशिवाय पुन्हा मिळत नाही. थोडक्यात, टोमणे अमर्याद आणि कौतुक तीनच. मला रेशन पुरेसं वाटलं. आमच्या घरी एवढ्यात वर्ष निघालं असतं.

समोर ओगर आला. ताडमाड, हातात सोटा. बार्बेरियन परशू सरसावून उभा. सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी घसा खाकरला.

"बघ, जमतंय का."

कोणी बोलेना. डीएमनं विचारलं, "अंकल, इन्स्पिरेशन?"

"हेच."

"बीजुं कंई?"

"पडू नकोस म्हणजे मिळवली."

डीएमनं भाचीकडून भाषांतर मागवलं, ऐकलं, आणि अतिशय खेदानं निकाल दिला की हे इन्स्पिरेशन नसून व्हिशस मॉकरी आहे आणि ती बार्बेरियनवर पडली आहे. सॉरी. त्या मुलानं फासा टाकला; लागलं. दोन पॉइंट गेले आणि वारही बिघडला, परशू झाडात. बार्बेरियनला संतापाच्या भरात मार कमी लागतो, पण त्यासाठी 'मी संतापलो' असं आधी सांगावं लागतं. मोठं माणूस काही बोललं की मान खाली घालायची, या संस्कारात तो मुलगा संतापायचं विसरला. ओगरचा सोटा बसला आणि तो कोसळला.

"अंकल, हुं पडी गयो," तो म्हणाला. तक्रारीच्या सुरात नव्हे. बातमी म्हणून.

मी मुलांना समजावून सांगितलं की आमच्यात 'बघ, जमतंय का' हा आशीर्वाद असतो. शाळेत मला ब्याण्णव मार्क पडले तेव्हा वडिलांनी "आठ कुठं सांडले?" एवढंच विचारलं आणि त्या रात्री शेजाऱ्यांकडे पेढे पाठवले. आईच्या पुरणपोळीला मिळालेली सर्वांत मोठी दाद "खाण्यासारखी झालीय" ही. 'वाईट नाही' म्हणजे उत्तम, 'बरं आहे' म्हणजे अप्रतिम; त्याहून वरची पायरी म्हणजे काहीच न बोलता दुसऱ्यांदा वाढून घेणं. २०१८ साली बडोद्यात ९१ वं मराठी साहित्य संमेलन भरलं, तेव्हा मांडवातून बाहेर पडणाऱ्या एका गृहस्थांना मी कसं झालं म्हणून विचारलं. "गर्दी होती," ते म्हणाले. त्यांचे डोळे पाणावलेले होते.

आणि हे सगळं गुजराती मुलखात राहून! गायकवाडांबरोबर अठराव्या शतकात आपली माणसं इथं आली. आजूबाजूला 'बहु सरस' आणि 'जोरदार' म्हटल्याशिवाय पाण्याचा पेलाही खाली न ठेवणारे लोक. बार्बेरियनच्या आईनं आमच्याकडचं साधं वरण चाखून "ओहो, शुं टेस्ट छे!" म्हणून पाककृती लिहून घेतली होती; बायको दोन दिवस घरात गुणगुणत होती. एवढ्या सहवासात आम्ही शेव-उसळ घेतली, वाक्याच्या शेवटी 'ने' लावायला शिकलो, गरब्याच्या पासांसाठी वशिले लावले. कौतुक तेवढं सीमेवरच ठेवलं.

बरं, आमच्यातही ज्यांचा तो धंदाच होता त्यांनी चोख केला. १६५९ साली प्रतापगडाखाली अफझलखान पडला, त्यावर अज्ञानदासानं पोवाडा रचला आणि त्याला घोडा नि सोन्याचा तोडा इनाम मिळाला असं सांगतात. मी डीएमला म्हणालो, माझं कौतुक ऐकायचं असेल तर रीतसर इनामाची व्यवस्था हवी.

त्यानं पुस्तक पाहिलं. "घोडो पंचोतेर गोल्डनो छे, अंकल. तमारी पासे चार छे."

शेवटी भाचीनं मला गृहपाठ दिला. रोज तीन कौतुकं. खरी माणसं, मोठ्यानं.

सकाळी पोहे पुढे आले. मी म्हणालो, "पोहे फार सुंदर झालेत."

बायको थबकली. मग खुर्ची ओढून समोर बसली. "काय झालंय? बँकेतून फोन आला का?" नाही म्हटलं तर कपाळाला हात लावून बघितला, नंतर रक्तदाबाचं यंत्र आणलं. तो नॉर्मल निघाला तेव्हा ती जास्तच घाबरली आणि तिनं मुंबईला माझ्या बहिणीला फोन लावला. बहीण म्हणाली, वडिलांचंही शेवटी शेवटी असंच झालं होतं.

खाली उतरलो. सोसायटीचे सेक्रेटरी भेटले. आमच्यासारखेच जुने बडोदेकर, कोकणस्थ. मी म्हणालो, "लिफ्ट अगदी मस्त चालतेय हो. तुमचं खरंच कौतुक आहे."

त्यांचा चेहरा लाल झाला. "हे बघा, सरळ बोलत चला. टोमणे मारू नका. मेकॅनिकला तीनदा सांगितलंय मी."

लिफ्टला काही झालंय हे मला माहीतच नव्हतं. तिसऱ्या मजल्यावर ती खडखडते म्हणे. मी शपथेवर सांगू लागलो की मला मनापासून आवडली लिफ्ट. जसजसा मी सांगत गेलो तसतसे ते जास्त दुखावत गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी मेकॅनिक हजर. महिनोन्‌महिने अर्ज करून जे झालं नव्हतं, ते एका निष्पाप स्तुतीनं झालं. पण सेक्रेटरींनी माझ्याशी बोलणं टाकलंय.

तिसरं कौतुक शेव-उसळवाल्याच्या वाट्याला गेलं. मी बिचकत बिचकत म्हणालो, "बहु सरस बनावी छे, भाई." त्यानं मान डोलावली, जसं काही हे त्याला ठाऊकच होतं, आणि वरून डावभर तरी ओतली. संशय नाही, रक्तदाब नाही, मेकॅनिक नाही. हिशेब सरळ होता. मी रस्त्यातच थांबलो. दोष माझ्या करिझ्म्याचा नव्हताच. कौतुक गुजरातीत करायचं आणि टोमणे मराठीत मारायचे! असा दुहेरी शस्त्रसाठा जवळ असलेला बार्ड बडोद्याबाहेर कुठं मिळणार? पुण्याच्या बार्डाकडे नुसते टोमणे, सुरतेच्या बार्डाकडे नुसतं 'जोरदार'.

पुढच्या रविवारपासून माझा फंदी तळपू लागला. बार्बेरियनला "वाह दीकरा, जोरदार! तारा जेवो कोई नथी!" असं म्हणून सहाचा फासा दिला की तो फुलून जाई आणि आता संतापायचंही लक्षात ठेवी. त्याच दमात वळून ओगरला, "जेवलात का? का इथंच जेवणार?" असं मराठीत विचारलं की त्याचा सोटा चुकलाच. आपल्यातलं कोणी निपचित पडलं तर 'हीलिंग वर्ड' नावाचा मंत्र आहे. साठ फुटांवरून एक शब्द टाकायचा की माणूस उठून बसतो. तिथं भाषेचा प्रश्न आला नाही. मी नुसतं "चहा झालाय" म्हणत असे. चारही पोरं मेलेल्यातून उठत.

मुलं खूश होती. डीएम म्हणाला, आमचा टोरांटोवाला बार्ड इतकी वर्षं खेळला, पण त्याला हे कधी सुचलं नव्हतं. मला हे ऐकून गहिवरून आलं. "बरं आहे," मी म्हणालो.

या सगळ्या काळात बायको चहाचे कप आणि लीलो चेवडो घेऊन येत-जात होती. हळूहळू कप ठेवायला जास्त वेळ लागू लागला. मग ती दारात उभं राहून ऐकू लागली. एका रविवारी तिनं सरळ डायनिंगची खुर्ची ओढून आणली आणि टेबलाशी बसली. डीएम आनंदानं उठून उभा राहिला. नवं कॅरेक्टर शीट पुढं सरकवून त्यानं विचारलं, "आंटी, तमे शुं बनशो? क्लेरिक? रेंजर?"

"बार्ड," ती म्हणाली.

"पण अंकल छे ने बार्ड."

बायकोनं माझ्याकडे पाहिलं. फार मायेनं पाहिलं.

"असू दे," ती म्हणाली. "प्रत्येकालाच जमतं असं नाही."

डीएमनं वीसचा फासा निमूटपणे माझ्या हातात दिला. मी टाकला. दोन पडले, शहाणपणाचा एक धरून तीन.

"सॉरी, अंकल," तो म्हणाला. "डॅमेज लखी लो."